वीतभर पाणी: दाभोळ खाडीकाठच्या एका वाडीचा वीजहिशेब

वाडीचं नाव मी इथे लिहीत नाही. माणसांनी आपल्या चुका माझ्याशी मोकळेपणाने बोलल्या, त्या नावानिशी चव्हाट्यावर मांडायची परवानगी मी कुणाकडे मागितलेली नाही. ठिकाण एवढंच सांगतो: दापोली तालुका, दाभोळच्या खाडीचा उत्तरेकडचा उतार, साठ घरं. त्यातली वीसेक घरं शिमगा आणि गणपती सोडले तर कुलूपबंद. बारमाही राहणारी माणसं पावणेदोनशेच्या आतबाहेर. खाली पऱ्याच्या (ओढ्याच्या) काठी नळपाण्याची विहीर, वर कातळावर वीस हजार लिटरची सिमेंटची टाकी, दोन्हींमध्ये साठ मीटरची चढण. मी पाणी समितीचं काम बघत होतो, म्हणून खाली येणारे वाडीचे आकडे समितीच्या वहीतले आहेत.

हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं याचं कारण असं: विजेची बचत आणि स्वच्छ ऊर्जा यांवर गावात बोलायला आम्ही दोनदा निघालो. पहिल्यांदा सपशेल फसलो. दुसऱ्यांदा विजेचं नावही न काढता सुरुवात केली आणि वाडी बरोबर आली.

अकरा माणसांची सभा

२०२० च्या जानेवारीत शाळेच्या पडवीत सभा बोलावली होती. फलक रंगवला, दवंडीसारखा निरोप घरोघर दिला, चहाची सोय केली. माणसं आली अकरा, त्यांतली चार समितीचीच. मी एलईडी बल्बबद्दल बोललो. उजाला योजना २०१५ साली सुरू झाली, तेव्हापासून ९ वॅटचे बल्ब बहुतेक घरांत कधीच पोहोचले होते. म्हणजे मी लोकांना त्यांनी आधीच केलेलं काम करायला सांगत होतो. मागे बसलेली एक काकी शांतपणे म्हणाली, "म्हयन्याला साठ युनिटं माझं बिल. दोन दिवे, एक पंखा, टीवी. त्यातनं मी काय वाचवू, सांग."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. काकीचं खरं होतं. जिचा वापरच इतका तुटपुंजा आहे, तिला काटकसर शिकवायला जाणं हा तिचा अपमानच होता, आणि तो माझ्या लक्षात यायला तिने बोलावं लागलं.

दुसरी अडचण जुनी होती. आमच्या भागात वीज म्हटलं की 'प्रकल्प' आठवतो. कातळावर उभं राहिलं की खाडीपलीकडे अंजनवेल दिसतं. प्रकल्पाला नाव दाभोळचं, पण तो आहे पलीकडे गुहागर तालुक्यात. एन्रॉन या अमेरिकी कंपनीच्या काळात त्याचा ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा १९९९ मध्ये सुरू झाला. वीज इतकी महाग पडली की वीज मंडळाला ती घेणं झेपेना, आणि २००१ च्या मे महिन्यात प्रकल्प बंद पडला. २००५ मध्ये तो नव्या कंपनीच्या हाती गेला. दक्षिणेला जयगडला कोळशावरची १,२०० मेगावॅटची वीज तयार होते, राजापूर तालुक्यात जैतापूरला सुमारे १०,००० मेगावॅटच्या अणुप्रकल्पाचा आराखडा आहे. पूर्वेला पोफळीला कोयनेचं वीजघर आहे, तिथून सुटलेलं पाणी वाशिष्ठीतून वाहत आमच्याच खाडीत येतं. इतकी वीज आजूबाजूला, आणि आमच्या टाकीत पाणी चढवायची मारामार. बाहेरून कुणी विजेवर बोलायला आलं की लोक हाताची घडी घालून बसतात, त्याला हे सगळं कारण आहे. कुणी अडाणी आहे म्हणून नव्हे. ठरवणारे नेहमी दुसरेच असतात, हे त्यांनी तीस वर्षं पाहिलेलं आहे.

सभा अर्ध्या तासात उठली. मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि तो विषयच मागे पडला.

निसर्ग

३ जून २०२० च्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात किनाऱ्याला धडकलं. वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरच्या वर, झोत त्याहून मोठे. दापोली-मंडणगडच्या किनाऱ्याने त्याचा मार भरपूर खाल्ला. आमच्याकडे कौलं उडाली, पोफळीच्या बागा काडेपेटीतल्या काड्यांसारख्या मोडल्या, विजेचे खांब शेताच्या बांधावर आडवे झाले. त्या वर्षी टाळेबंदीमुळे मुंबईकर मे महिन्यातच गावी आलेले, त्यामुळे एरवी बंद असणारी घरंही भरलेली. वीज आली ती पंचवीस दिवसांनी.

पंचवीस दिवस पाऊस धो धो कोसळत होता आणि बायका हंडे-कळश्या घेऊन जुन्या विहिरीवर उभ्या होत्या. मोबाईल चार्ज करायला एकाने जनरेटर लावला, तिथे रांग लागायची. त्या दिवसांत अंधाराबद्दल फार तक्रार झाली नाही. अंधाराची सवय असलेली पिढी अजून आहे. तक्रार सगळी पाण्याची होती. पंप चालत नाही म्हणजे नळ नाही, नळ नाही म्हणजे साठी उलटलेल्या बाईनेसुद्धा निसरड्या पायऱ्यांवरून हंडा आणायचा. वीज आणि पाणी ही एकाच दोरीची दोन टोकं आहेत हे त्या पंचवीस दिवसांनी आमच्यात जसं रुजवलं, तसं मी शंभर भाषणांनी रुजवू शकलो नसतो.

पुढच्या वर्षी १६ मे रोजी तौक्ते चक्रीवादळ समुद्रातून पुढे सरकलं. त्या वेळी फार पडझड नव्हती, पण वीज गेल्याबरोबर घरोघर पिंपं भरायची धावपळ झाली.

जोडणी तुटली

२०२२ च्या फेब्रुवारीत पंपाची वीजजोडणी थकबाकीपोटी तोडली गेली. यात दोष आमचाच होता. पाणीपट्टी वर्षानुवर्षं निम्मीसुद्धा जमत नव्हती. बंद घरांचे मालक म्हणत, आम्ही वर्षातून पंधरा दिवस येतो, वर्षभराचे पैसे कशाला? राहणारे म्हणत, ते देत नाहीत तर आम्हीच का द्यायचे? ग्रामपंचायत इकडचे पैसे तिकडे करून बिल भरायची, तेही एक दिवस थांबलं.

त्या रविवारी देवळासमोरच्या सहाणेवर, म्हणजे पालखी ठेवायच्या चौथऱ्यावर, सभा बोलावली. विषय लिहिला 'पाणी'. गावकराने गाऱ्हाणं घातलं, आणि वाडी झाडून सगळी हजर. बायका पुढे बसल्या होत्या. आमच्याकडे सभेत असं क्वचित घडतं.

वर्गणी काढून हप्त्याने थकबाकी भरायची, हे तासाभरात ठरलं. मग मुंबईहून आलेल्या एका मुलाने विचारलं, "पण बिल एवढं येतं कशामुळे?" तो मुंबईत लिफ्टच्या देखभालीचं काम करतो. प्रश्न साधा होता, पण तो आजवर कुणी विचारलाच नव्हता. थकबाकी किती यावर आम्ही दहा वर्षं भांडलो. युनिटं किती पडतात, हे एकालाही ठाऊक नव्हतं.

काठी आणि वीत

जोडणी परत मिळाल्यावर आम्ही आठवडाभर मीटर लिहिला. सकाळी पंप सुरू करण्याआधी एक आकडा, बंद केल्यावर एक. पंप साडेसात अश्वशक्तीचा, चालायचा सकाळी सहा ते अकरा. रोजची ३३ युनिटं, म्हणजे महिन्याला हजाराच्या घरात.

मग टाकीकडे वळलो. टाकी पूर्ण रिकामी करून पंप लावला आणि घड्याळ धरून बसलो. दोन तास चाळीस मिनिटांत टाकी काठोकाठ भरली. पण पंप तर पाच तास चालतो! उरलेले दोन तास वीस मिनिटं पाणी टाकीच्या तोंडातून बाहेर वाहत होतं. पंप चालवणारा दादा सहाला बटण दाबून काजूच्या बागेत कामाला जायचा, अकराला परत येऊन बंद करायचा. मानधन इतकं थोडं, की तेवढ्यासाठी त्याने तिथे पाच तास बसून राहावं असं कुणी म्हणूच शकत नव्हतं.

रात्रीची चाचणी त्याहून महत्त्वाची ठरली. अकरा वाजता घरोघर फोन करून सगळे नळ बंद करवले. मुख्य वाहिनी मात्र उघडी ठेवली. टाकीत वेताची काठी उभी करून पाण्याच्या पातळीवर दोरा बांधला. पहाटे चारला बॅटरी घेऊन आम्ही चौघं वर गेलो. दोरा कोरडा होता. दोऱ्यापासून पाण्यापर्यंत मी हात लावून मोजलं: बरोबर एक वीत.

टाकी दोन मीटर खोल, वीस हजार लिटरची. म्हणजे एक सेंटिमीटरला शंभर लिटर. वीत म्हणजे तेवीस सेंटिमीटर धरले तर पाच तासांत २,३०० लिटर जमिनीत मुरलं, आणि तेही सगळे नळ बंद असताना. चोवीस तासांचा हिशेब केला तर ११,००० लिटर.

तिथेच कातळावर बसून, मोबाईलच्या उजेडात आम्ही उरलेलं गणित मांडलं. टाकी एकदा भरायला साडेसतरा युनिटं, म्हणजे हजार लिटर वर चढवायला जवळपास ०.९ युनिट. साठ मीटर उंचीवर हजार लिटर पाणी चढवायला निव्वळ भौतिकशास्त्राच्या हिशेबाने ०.१६ युनिट पुरतं. बऱ्या पंपाची, मोटरची, पाइपातल्या घर्षणाची तूट धरली तरी ०.४ पर्यंत जावं. आमचा पंप झिजलेला होता आणि जागेला बेतशीरही नव्हता. घेताना दुकानदार म्हणाला होता, 'मोठा असलेला बरा', आणि आम्ही तो घेतला होता.

३३ युनिटांची फोड अशी झाली: साधारण १५ युनिटं टाकीवरून वाहून गेली, १० जमिनीत मुरली, आणि माणसांच्या हंड्यात पोहोचली ती आठ.

पुढच्या रविवारी हे सहाणेच्या भिंतीवर खडूने लिहिलं. जानेवारी २०२० मध्ये मला प्रश्न विचारणारी काकी त्या भिंतीसमोर बराच वेळ उभी होती. म्हणाली, "आठासाठी तेहतीस भरत होतो?" तिच्या घरातल्या साठ युनिटांत वाचवण्यासारखं काही नव्हतं. पण पाणीपट्टीतून ती ज्याचे पैसे देत होती त्या विजेत तीन चतुर्थांश गळती होती, आणि ते दुखणं तिचं स्वतःचं होतं.

वाहून जाणारं पाणी कुणाच्या बागेत जात होतं

इथे प्रकरण नाजूक झालं. टाकीतून ओसंडणारं पाणी खालच्या अंगाला एका घराच्या पोफळीच्या बागेत उतरत होतं. निसर्गमध्ये त्यांची जुनी झाडं गेली होती आणि नवी रोपं या पाण्यावर जगली होती. घर भावकीतलं. त्यांनी पाणी चोरलं असं म्हणता येत नव्हतं, ते आपसूक येत होतं. पण ते बंद करायचं म्हणजे रोपं वाळणार हे सगळ्यांना दिसत होतं, म्हणून सभेत तो विषय कुणीच काढेना.

आमच्या गावात अशी गोष्ट सभेत ताणली की दोन पिढ्यांचं बोलणं बंद होतं. म्हणून दोन वयस्कर बायका संध्याकाळी त्यांच्या घरी गेल्या. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. ठरलं ते असं: टाकीला फ्लोट बसवायचा, भरली की पंप आपोआप बंद. त्या मे महिन्यापुरतं बागेला आठवड्यातून दोनदा ठरावीक पाणी द्यायचं, त्याची पट्टी ते भरतील. आणि पावसाळा संपला की पऱ्यावर सगळ्यांनी मिळून वनराई बंधारा घालायचा, म्हणजे बागेला खालूनच पाणी मिळेल. नोव्हेंबरमध्ये सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून तो घातला. एका दिवसाचं काम, चाळीस माणसं. बाग तगली. त्याहून मोठा लाभ आम्ही धरलाच नव्हता: बंधारा विहिरीच्या वरच्या अंगाला असल्याने एप्रिलमध्ये विहिरीची पातळी आदल्या वर्षापेक्षा वर राहिली. पाणी जितकं वर, तितकी पंपाची चढण कमी.

गळती सापडायला तीन आठवडे लागले. मोठी होती पऱ्याच्या ओलांडणीपाशी, दगडाखाली पाइपाचा सांधा सुटलेला. बाकी चार-पाच बारीकसारीक. एक सांधा फणसाच्या मुळाने उचलला होता. हे शोधलं बायकांनी, कारण कडक उन्हातही हिरवं गवत कुठे राहतं हे गुरांमागे फिरणाऱ्या त्यांनाच माहीत होतं.

फ्लोट आणि सांधे यांवर झालेला खर्च एका महिन्याच्या जुन्या बिलापेक्षाही कमी होता. रोजची युनिटं ३३ वरून ११ वर आली.

सोलारचा खांब

इथवर आल्यावर मी पहिल्यांदा सौरपंपाचा विषय काढला, आणि सभेत एकदम शांतता. एक तात्या म्हणाले, "आमाला सोलार दाखवू नको. तो खांब बघ."

खांब सगळ्यांना माहीत होता. देवळाच्या वळणावर, वर पॅनेल, खाली गंजलेली बॅटरीची पेटी. दिवा दोन वर्षं लागला, मग बॅटरी बसली. नवी बॅटरी कुणी घ्यायची हे कुठेच ठरलेलं नव्हतं. कोकणात गावोगाव असे खांब आहेत. सौरऊर्जेचं जितकं नुकसान या खांबांनी केलंय तितकं कुठल्याही विरोधकाने केलेलं नाही, असं माझं ठाम मत आहे. शिशाच्या बॅटरीचं आयुष्य चार-पाच वर्षांचं. ती बदलण्याची तरतूद नसताना दिवा बसवणं म्हणजे लोकांचा विश्वास मोडायची तारीखच लिहून ठेवणं.

तात्यांना उत्तर दिलं ते पंप चालवणाऱ्या दादाने. म्हणाला, "ह्याला बॅटरी नाय तात्या. ऊन हाय तवर पाणी चढवायचं. टाकी भरली म्हंजे झालं." टाकी हीच बॅटरी, आणि ती सिमेंटची. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

आमच्याकडचं ऋतुमानही याला जुळतं. दापोलीला पाऊस साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, पण जांभ्या दगडातून तो झिरपून समुद्राला जातो आणि मार्चपासून पाण्याची ओढ लागते. पंपाची खरी गरज मार्च ते मे, आणि ऊनही तेव्हाच सणसणीत. जून ते ऑगस्ट ढग असतात, पण तेव्हा विहीर काठोकाठ, घरोघरच्या आडांना पाणी, पंपाला काम थोडं. ढगाळ दिवसांसाठी जुनी वीजजोडणी आम्ही तशीच राखली. ती तोडून 'पूर्ण सौर' म्हणवून घ्यावं असा एक सूर होता, तो सभेने मानला नाही. बरं झालं.

आता आधी केलेल्या दुरुस्तीचं मोल कळलं. जुना पंप सौरवर चालवायचा तर साडेसात अश्वशक्तीला ६,७५० वॅटची पॅनेलं लागतात. गळती थांबल्यावर, फ्लोट लागल्यावर तीन अश्वशक्तीचा, चढणीला बेतशीर असा पंप पुरणार होता, त्याला ३,००० वॅट. निम्म्याहून कमी. आधी सौरपंप घेतला असता तर वाहून जाणारं पाणी चढवायला आम्ही दुप्पट पॅनेलं विकत घेतली असती.

पैसे दोन ठिकाणांहून उभे राहिले. १५ व्या वित्त आयोगाच्या निधीतला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित होता, त्यातून ग्रामपंचायतीने वाटा उचलला. उरलेला वाडीच्या मुंबई मंडळाने. बंद घरांची पाणीपट्टी हा जुना तिढा यातच सुटला. मंडळाने ठरवलं, बंद घराने वर्षाला ठरावीक देखभाल वर्गणी द्यायची, आणि त्याचा हिशेब गणपतीत सहाणेवर वाचून दाखवायचा.

पंप २०२३ च्या फेब्रुवारीत बसला. बसवणाऱ्यांशी आम्ही चार गोष्टींवर वाद घातला. चौकटीचं लोखंड गरम जस्तात बुडवलेलं हवं, नुसता रंग नको, कारण खाडीचा खारा वारा रंग एका वर्षात खातो. पाये कातळात भोक पाडून बोल्टने धरलेले हवेत, निसर्ग आम्ही पाहिलेला आहे. पॅनेलं माडांपासून लांब हवीत: एक झावळी दोन पॅनेलांवर सावली धरते, आणि नारळ पडला तर काच फुटते. चौथी माकडं. ती पॅनेलांवर बसतात, तारा ओढतात. म्हणून तारा पाइपातून घेतल्या.

राहिला एक कच्चा दुवा. कातळात अर्थिंग नीट लागत नाही. खड्डा खोल घेतला, पण पुरेसा नव्हता. २०२३ च्या ऑक्टोबरात विजांच्या पावसात पंपाचं नियंत्रण करणारा कंट्रोलर जळला. दुरुस्तीला सहा आठवडे गेले, फोनवर फोन झाले. त्या काळात जुन्या जोडणीवर तोच पंप चालवला. तीन अश्वशक्तीचा असल्याने रोज सहा-सात युनिटंच लागत होती. नंतर अर्थिंग पऱ्याजवळच्या ओल्या मातीत नेलं आणि आकाशातल्या विजेपासून वाचवणारा वीजरोधक बसवला.

लाल दिवा

पाण्याच्या निमित्ताने मीटर वाचायची सवय लागली ती पोरांनी घरात नेली. मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो. आमच्याकडच्या बऱ्याच मीटरवर ३,२०० असा आकडा छापलेला आहे, म्हणजे ३,२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. नववीतल्या एका मुलीने खेळच काढला. घरातलं सगळं बंद करायचं आणि मीटरसमोर उभं राहून मोजायचं. बहुतेक घरांत टीव्हीचा खोका नाहीतर इन्व्हर्टर सापडायचा.

एका आजीच्या घरी सगळी बटणं बंद केली, खोका काढला, तरी दिवा लुकलुकतच होता. पावसाळ्याचे दिवस. मुलीने हात भिंतीला लावला आणि झटकन मागे घेतला, झिणझिण्या आल्या होत्या. चिऱ्याची ओली भिंत, आत चाळीस वर्षांपूर्वीची वायर, तिची वीज भिंतीतून जमिनीत जात होती. आजी त्याच भिंतीला टेकून रोज जप करायची. त्या आठवड्यात वायरमन आणून ती ओळ बदलली, गळती होताच वीज तोडणारं यंत्र बसवलं. मग वाडीतली अकरा जुनी घरं तपासली, तिघांकडे तोच प्रकार. युनिट वाचली ती किरकोळ. पण त्या दिवसानंतर वाडीत मीटरकडे कुणी दुर्लक्ष केलेलं मी पाहिलेलं नाही. मोजायला पोरांना एकटं पाठवायचं नाही, सोबत मोठं माणूस हवं आणि ओल्या भिंतीला हात लावायचा नाही, हेही तेव्हाच ठरलं.

पंख्यांचं बोलणं त्यातूनच निघालं. जुना पंखा ७५ वॅट खातो, नवा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या, ब्रश नसलेल्या मोटरचा) ३० च्या आसपास. दिवसाला बारा तास चालला तर महिन्याला सोळा युनिटं वाचतात. साठ युनिटांच्या घरात हा आकडा दिसतो. तरी मी सगळ्यांना घ्या म्हणालो नाही. जुना बिघडला की नवा त्या जातीचा घ्या, एवढंच.

छपरावरची अडचण

२०२४ च्या फेब्रुवारीत घराच्या छपरावर सौर पॅनेलं लावण्यासाठीची पीएम सूर्यघर योजना आली. एक किलोवॅटला ३०,०००, दोनला ६०,०००, तीन किंवा जास्तला ७८,००० रुपये अनुदान. लोकांनी आपणहून विचारलं, पण वाडीत आजवर चारच घरांवर पॅनेलं लागली. याची कारणं प्रचारात नाहीत, घरांतच आहेत.

पहिलं कारण मीटर. तो आजोबांच्या नावावर, आजोबा जाऊन वीस वर्षं झाली. घर सामाईक, हिस्सेदार बारा, त्यातले तीन बडोद्याला, एकाचा पत्ता नाही. नाव बदलायला सगळ्यांची संमती हवी, आणि संमतीचा कागद फिरायला लागला की जमिनीचं जुनं दुखणं वर येतं. दुसरं कारण छप्पर. मंगलोरी कौलांच्या उतारावर, वाळवीने पोखरलेल्या वाशांवर कुणी पॅनेल ठेवू धजत नाही. तिसरं साधं गणित. एक किलोवॅट चांगल्या उन्हात दिवसाला चार युनिटं देतं, महिन्याला १२०. ज्याचा वापर साठचा आहे त्याला ते विकायला जाऊ नये, असं मी स्पष्ट सांगतो. लागलेल्या चार घरांत एक खानावळ आहे, एक घरगुती पर्यटन निवास, दोघांकडे मोठे फ्रीज. त्यांचं एप्रिल-मेचं जादा युनिट नेट मीटरवर (दिलेली आणि घेतलेली वीज दोन्ही मोजणाऱ्या) जमा होऊन पावसाळ्यात वळतं होतं, आणि वार्षिक हिशेब मार्चअखेर होत असल्याने हे गणित कोकणाला सोयीचं आहे.

आमसुलं

बचत गटाच्या बायकांनी सौरऊर्जेचं जे काम धरलं ते माझ्या यादीत नव्हतं. आमसुलं करताना रातांब्याच्या साली त्यांच्याच रसात मीठ घालून भिजवायच्या, वाळवायच्या, पुन्हा रसात घालायच्या, पुन्हा वाळवायच्या. अशी पुटं बरेच दिवस चालतात. आणि नेमका मेच्या शेवटी वळीव येतो. भिजलेली आमसुलं बुरशीने जातात, नाहीतर चुलीवर माच्यावर सुकवायची, मग त्यांना धुराचा वास लागतो आणि भारंभार लाकूड जळतं. गटाने उन्हावर चालणारा सुकवणीचा सांगाडा केला: लोखंडी पाइप, वर पारदर्शक कापड, खालून हवा आत, वरून बाहेर. पहिल्या वर्षी हवा जायची वाट लहान ठेवली, आत घाम धरला आणि दोन ताटं खराब झाली. दुसऱ्या वर्षी वरची वाट मोठी केली. आता मेमध्ये आमसुलं, मग फणसाची साटं, थंडीत सुकट. सुकटीसाठी ताटं वेगळी, यावर गटात बरीच चर्चा झाली.

आज काय उरलंय

दादाचं मानधन पंचायतीने वाढवलं, पण अजून ते वेळेवर मिळत नाही. पॅनेलं महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने धुवायची असतात, मीठ बसतं. ती पाळी घरोघर लावली आहे आणि दोन घरं ती चुकवतात. फूट व्हॉल्व्ह (विहिरीतल्या पाइपाच्या तळाची झडप) मागच्या मार्चमध्ये पुन्हा गळला. पंप नवा होऊन काही वर्षं झाली की दुरुस्तीसाठी लागणारा पैसा वेगळ्या खात्यात साठवायचा ठराव आहे, खातं उघडलं आहे, त्यात जमा मात्र ठरल्यापेक्षा कमी आहे.

सहाणेवरच्या भिंतीवर आता काळा रंग देऊन पक्का फळा केला आहे. दर रविवारी त्यावर चार आकडे लिहिले जातात: सौरवर चाललेले तास, मीटरची युनिटं, टाकीची पातळी, थकलेल्या पट्टीची रक्कम. लिहिणारी मुलगी बारावीनंतर रत्नागिरीला शिकायला गेली. जाण्याआधी तिने खडूचा डबा चुलतभावाच्या हातात दिला आणि रात्रीची चाचणी कशी करायची ते दाखवायला त्याला कातळावर घेऊन गेली. वर्षातून एकदा, शिमग्याच्या आदल्या आठवड्यात, ती चाचणी अजून होते. यंदा दोरा आणि पाणी यांच्यात दोन बोटांचं अंतर होतं. दोन बोटं म्हणजे तीन-साडेतीनशे लिटर. कुठे जातं ते पोरं शोधतायत.